निवळलेली नळी

पोळा झाला की मला थकवा येतो. हा म्हातारपणाचा थकवा नव्हे; तरुण होते तेव्हापासून येतो. पाऊस जोर सोडतो, पण जात नाही. ऊन पडतं तेही ओल्या फडक्यातून गाळून आल्यासारखं. दुर्गच्या कडेच्या बोरसीतल्या आमच्या घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर पाणी साचून हिरवं पडतं, माश्या वाढतात, दोरीवरचे कपडे धड वाळत नाहीत आणि त्यांना आंबूस वास लागतो. लोक म्हणतात, आता सणावाराचे दिवस आले. माझ्या मनात मात्र हे दिवस हगवणीचे. शब्द काही चांगला नाही, पण मी जन्मभर नर्स होते. माझ्याजवळ याहून नीटस शब्द नाही.

यंदा हे दिवस माझ्याच अंगावर आले. थंडी वाजून ताप, लघवीला आग. गोळ्या घेतल्या की उतरायचा, गोळ्या संपल्या की परत. शेवटी सून मला दुर्गच्या बाजारातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण, बोलायला गोड. तपासणीचा कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "आजी, या जंतूवर ही गोळी चालत नाही. ही पण नाही. ही चालेल, पण तिचं इंजेक्शन घ्यावं लागेल." मग थोडं थांबून, जणू मला विरंगुळा म्हणून, त्यांनी सांगितलं की जंतूंनाही रोग होतो. जंतू खाणारे विषाणू असतात. काही देशांत ते औषध म्हणून देतात. आपल्याकडे अजून सहज मिळत नाहीत. मातीत, तलावात, समुद्रात, आपल्या पोटातसुद्धा ते अमाप आहेत, आणि ते नसते तर जंतूंनी ही पृथ्वी कधीच व्यापली असती, असंही म्हणाले. छान सांगत होते. मी ऐकत होते, आणि ऐकता ऐकता कुठे गेले ते माझं मलाच कळलं नाही. सूनबाईंनी दंडाला धरून हलवलं, "आई, चलो ना, ऑटो थांबला आहे."

मी नोकरीला लागले त्या वर्षी भिलाईत पोलाद कारखान्याची पहिली भट्टी अजून पेटायची होती. कारखाना म्हणजे नुसते खड्डे, लोखंडी सांगाडे आणि चिखल. लाल मुरमाचा तो चिखल पायाला लागला की विटकरी पायमोजे घातल्यासारखं दिसायचं. वडील रेल्वेत, गोंदियाहून बदली होऊन दुर्गला आलेले. मी नागपूरला नर्सिंग शिकून परत आले, तर आई म्हणाली, "आता कावून दूर जातेस? इथंच तर सारा देश येऊन राहिला." खरंच येत होता. पंजाब, केरळ, आंध्र, बंगाल, आणि आमच्या भंडाऱ्याकडची शेतावरची माणसं तर गाड्या भरभरून. मला मजुरांच्या वस्तीजवळच्या पत्र्याच्या दवाखान्यात काम मिळालं. पाऊस पडू लागला की पत्र्याचा एवढा आवाज व्हायचा की रोग्याच्या तोंडाशी कान न्यावा लागे.

पाण्याचे नळ अजून सगळीकडे पोचले नव्हते. वस्तीमागून एक नाली वाहायची, तिच्या काठाला खोदलेल्या झिऱ्यांतून बाया पाणी भरायच्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या लोकांनी मारबत काढली. चिंध्या आणि काड्यांचं ते सोंग घेऊन सगळे वस्तीभर ओरडत फिरले, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" आणि ते नेऊन टाकलं नालीपलीकडे. आठवडा गेला नसेल, तोच आमच्या खाटा भरल्या. पोटात मुरडा, शौचाला रक्त आणि शेंब, डोळे खोल गेलेले. कुणी मराठीत कण्हायचं, कुणी तेलुगूत, कुणी छत्तीसगढीत, "पेट पिराथे, सिस्टर." दुखणं सगळ्यांचं एकच.

आमचे डॉक्टर मोहरील निवृत्तीला आलेले. उंच, वाकलेले, कायम झोप अपुरी राहिल्यासारखे. सल्फाच्या गोळ्या होत्या. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा जादू वाटली होती म्हणे. आता त्या पोटात जात आणि पोटाला काहीच वाटत नसे. नवी औषधं मागवली होती, वाटेत होती. डॉक्टर फेरी मारून येत, हात धूत आणि म्हणत, "सिस्टर, सलाइन जपून वापरा." त्याहून जास्त काही नाही.

अनुसया अशीच आली, लाखणीकडची. डोक्यावर गिट्टीचं घमेलं वाहणारी दणकट बाई, पण नवऱ्यानं तिला पाठीवर घालून आणली. नवरा श्रावण खलाशी होता, म्हणजे लोखंडाच्या अवजड तुळया दोरखंडानं वर चढवणाऱ्या टोळीत. त्यानं तिला खाटेवर ठेवलं आणि दारातच उभा राहिला. "बाई, पोरगी अंगावर पिते हिच्या," तो म्हणाला. "हिले काही झालं तं ते बी जाईन." पोरगी त्याच्या कडेवर होती. रडतही नव्हती, नुसती बघत होती.

कारखाना उभारायला आलेल्या रशियन माणसांच्या वस्तीतही त्या दिवसांत मुलं आजारी पडली. त्यांना त्यांची स्वतःची डॉक्टरीण होती. नाव वेरा. आम्ही वेराबाई म्हणायचो. चाळिशीची, भक्कम बांध्याची, हातांना कायम साबणाचा वास. एक दिवस त्या दुभाषी घोषबाबूंना घेऊन आमच्या दवाखान्यात आल्या आणि लाकडी पेटीतून काचेच्या छोट्या कुप्या काढून टेबलावर मांडल्या. घोषबाबू आयुष्यभर कलकत्त्याच्या शाळेत शिकवून आलेले गृहस्थ. रशियनचं हिंदी करताना एकेक शब्द पारखून घ्यायचे. ते म्हणाले, "ये कह रही हैं, इसमें ऐसा जीव है जो जंतु को खाता है।"

मोहरील डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "बॅक्टेरिओफाज," ते म्हणाले. आणि मला मराठीत सांगू लागले, "तरुणपणी मी बिहारात होतो. पटकीची साथ आली की गावोगाव हेच घेऊन फिरायचो. विहिरीत ओतायचो, लोकांना पाजायचो. कधी साथ थांबायची, कधी नाही. थांबली की आम्ही लिहायचो, औषधानं थांबली. नाही थांबली की लिहायचो, आम्हांला पोचायला उशीर झाला." ते हसले नाहीत. घोषबाबूंना त्यातलं किती कळलं आणि त्यांनी किती सांगितलं कोण जाणे, पण वेराबाईंनी मान डोलावली. मग त्यांनी बोटानं आमच्या तपासणीच्या खोलीकडे दाखवलं. आधी पाहू, असा अर्थ.

ती खोली म्हणजे एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक आणि जंतू उबवायची एक पेटी. वेराबाईंना मदतीला माणूस हवं होतं, मोहरील डॉक्टरांनी मला दिलं. त्या वेळी मी जे पाहिलं ते आज कोणी विचारलं तर असं सांगेन. रोग्याच्या शौचातले जंतू मांसाच्या पातळ सुपात सोडून उबेत ठेवले की सूप गढूळ होतं. काचेच्या बशीत वाढवले तर दुधावर यावी तशी साय धरतात. त्यांचा वैरी त्यात पडला तर सायीला भोकं पडतात आणि गढूळ सूप निवळतं. तो वैरी डोळ्याला तर नाहीच, आमच्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नव्हता. तो आहे हे कळायचं ते जंतू नाहीसे झाल्यावरून. आणि त्याचं एक वेगळंच आहे. तो सरसकट कुणालाही मारत नाही. एका जातीच्या जंतूला मारील, त्याच्या सख्ख्या भावाला हातही लावणार नाही.

दुसऱ्या दिवशी बशी उघडली. साय जशीच्या तशी. इतक्या लांबून आणलेल्या कुप्यांतल्या जीवांना भिलाईचा जंतू ओळखता आला नाही. वेराबाईंनी ओठ मुडपले, बशी झाकली आणि घोषबाबूंना विचारलं, या वस्तीचं घाण पाणी कुठे जातं?

नालीवरचा तो दिवस मला अजून स्पष्ट आठवतो. आभाळ दाटलेलं, हवा हलत नव्हती. वेराबाईंनी झगा गुडघ्याशी खोचला आणि निसरड्या काठावरून उतरून बाटलीत पाणी भरू लागल्या. मी वरून दुसरी बाटली देत होते. पलीकडे बाया भांडी घासत होत्या. त्यांतली एक ओरडली, "गोरी बाई नालीत काय शोधून राहिली वं? कानातलं पडलं का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. घोषबाबू नाकाला रुमाल लावून लांब उभे होते. वेराबाईंनी वर पाहून त्यांना काही सांगितलं आणि ते ओरडून म्हणाले, "कहती हैं, जहाँ रोग है, वहीं उसका वैरी भी होगा।"

म्हणजे त्या पाण्यात दोघंही होते. आमचा मारेकरी आणि मारेकऱ्याचा मारेकरी, एकाच नालीत. मी तेव्हा विचारलं होतं, मग नालीतला जंतू संपत कसा नाही? उत्तर मिळालं की खाणारा सगळं खाऊन टाकत नाही. सगळं खाल्लं तर तो तरी कशावर जगेल? आज डॉक्टर समुद्राचं आणि मातीचं सांगत होते तेही हेच असावं. कुणी जिंकत नाही, नुसतं एकमेकांना रोखून धरतात. त्या रोखण्यावर बाकी सगळ्यांचं जगणं चालू असतं. तरुणपणी मला हे उत्तर आवडलं नव्हतं. मला काहीतरी एकदाचं संपावं असं वाटायचं.

ते पाणी चिनी मातीच्या, न दिसणाऱ्या छिद्रांच्या नळीतून गाळलं. जंतू वर अडकतात, त्यांचा वैरी इतका लहान की खाली उतरतो. गाळलेलं थेंबभर पाणी अनुसयाच्या जंतूंच्या गढूळ सुपात टाकलं. आधी काहीच झालं नाही. मग निवळलं, तेही अर्धवटच. वेराबाईंनी तेच गाळून पुन्हा नव्या सुपात, पुन्हा गाळून पुन्हा नव्या सुपात, असा पाठपुरावा केला. मग एका सकाळी सुपाची काचेची नळी उजेडात धरली तर पलीकडचे खिडकीचे गज दिसत होते. एवढी माणसं ज्यांनी आडवी केली ते नळीतून नाहीसे झाले होते.

मोहरील डॉक्टर मात्र अडले. "नालीचं पाणी आहे ते. माझ्या रोग्याला काय म्हणून पाजू?" वेराबाई म्हणाल्या, तपासलं आहे, त्यात आता जंतू नाही. डॉक्टर म्हणाले, पुस्तकात असं बरंच असतं. बोलणं घोषबाबूंमधून जात येत होतं, त्यामुळे भांडणही सावकाश चाललं होतं. शेवटी मीच म्हटलं, अनुसयाला विचारू या का? तिला सलाइन चढत होतं, पण शुद्ध होती.

मी तिला सगळं खरं सांगितलं.

"त्याच नालीनं तं पडली ना मी खाटेवर. आन तुमी तेच पाजून राहिले?"

"तेच, पण गाळून. तुझ्या पोटातल्या जंतूला खाणारं आहे त्यात."

"मग मले खानार नाही कशावरून?"

मी ते घोषबाबूंना हिंदीत सांगितलं. त्यांच्याकडून वेराबाईंना कळलं तेव्हा त्यांनी पेला उचलला. आपण पिऊन दाखवणार होत्या. तेवढ्यात मोहरील डॉक्टर खुर्चीतून उठले. "आणा इकडे," म्हणाले. पेला घेतला, घोटभर प्याले, तोंड वाकडं केलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मिशा पुसून ते म्हणाले, "चव तीच आहे. बिहारात होती तीच." आणि अनुसयाला, "पी बाई. काही झालं तर दोघांना होईल."

अनुसया हसली. आजारात पहिल्यांदा. आधी खायच्या सोड्याचं पाणी द्यायचं, म्हणजे पोटातलं आम्ल औषधाला मारत नाही. मग तो पेला. तिनं नाक दाबून घेतला.

चार-पाच दिवसांत तिचं रक्त थांबलं. पोरगी पुन्हा अंगावर घेतली. हे कशानं झालं? मला माहीत नाही. सलाइननं असेल, तिच्या मूळच्या ताकदीनं असेल, त्या पेल्यानं असेल. मोहरील डॉक्टरांनी त्या वेळी कागदावर औषधानं बरी झाली असं लिहिलं नाही. 'बरी झाली' एवढंच लिहिलं. मला त्यांचा तेव्हा राग आला होता. आता वाटतं, तेवढं लिहायलाही पुष्कळ वर्षं थकावं लागतं.

मग आम्ही इतरांनाही देऊ लागलो. पुष्कळ सावरले, काही नाही. दवाखान्यात जरा हलकं वाटू लागलं होतं. वेराबाई मला रशियनमध्ये 'पाणी' आणि 'उद्या' हे शब्द शिकवू लागल्या होत्या. आणि एका सकाळी आदल्या दिवशी निवळलेली नळी परत गढूळ दिसली.

मला वाटलं, माझ्याच हातून काही गोंधळ झाला. वेराबाईंनी नाही म्हणून मान हलवली. हजारो जंतू मरतात, पण एखादा असा निघतो की वैऱ्याला त्याच्यात शिरायला दार सापडत नाही. तो एकटा उरतो आणि रात्रीतून त्याची प्रजा नळी भरून टाकते. आता या नव्या जंतूला ओळखणारा नवा वैरी शोधायचा. कुठे? परत नालीवर. वेराबाईंनी हे फार साध्या आवाजात सांगितलं, घरातली बाई पुन्हा केर काढायचा म्हणते तसं. मी स्टुलावर बसले. मला कधी नव्हे एवढं थकल्यासारखं वाटलं. तोच तो थकवा दर वर्षी पोळ्यानंतर परत येतो असं मी मानते.

त्याच दिवशी श्रावणला आणलं.

त्याला किती दिवस रक्त पडत होतं हे त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं. अनुसया खाटेवर, पोरगी कडेवर. आणि पाऊस मधे थांबल्यानं टोळीला कामाची घाई. वर दोरखंड ओढताना डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून खाली उतरला आणि उतरल्या जागी बसला. सोबतच्यांनी उचलून आणलं. अनुसया अजून आमच्याकडेच होती. ती त्याच्या खाटेशी येऊन उभी राहिली.

"तुमी तं म्हणत होते पोट साफ हाये म्हणून."

"तुले सांगून काय होनार होतं? तू उठून बसली असती का?"

"बसली असती!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

एवढंच बोलणं मी ऐकलं. नवराबायकोचं होतं, मी खिडकी लावायला गेले.

त्याला सलाइन दिलं, होतं ते सगळं औषध दिलं. अनुसयाला पाजलं होतं त्यातलं उरलेलंही दिलं, ते आता चालणार नाही हे कळत असून. वेराबाईंनी त्याचे जंतू घेतले, नालीवर गेल्या, या वेळी पाऊस पडत असताना. मी वॉर्ड सोडू शकत नव्हते, घोषबाबू रुमाल खिशात ठेवून त्यांच्याबरोबर खाली उतरले. गाळणं, नवं सूप, पुन्हा गाळणं. मोहरील डॉक्टर मधूनमधून त्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहत, काही न विचारता परत येत. श्रावणची लघवी बंद झाली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. अनुसयाला आम्ही सांगितलं नाही, पण ती पुष्कळ वेळ त्याचे तळपाय चोळत बसली होती. पाय थंड झालेले हातालाच कळतात.

तो सकाळी गेला, उजाडल्यावर. पाऊस नव्हता. पत्र्यावर चिमण्या चालल्याचा आवाज येत होता एवढी शांतता होती. अनुसया रडली नाही. तिनं त्याच्या अंगावरची चादर नीट केली, पोरगीला उचललं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. मी तिच्यामागे गेले. दवाखान्यात शिकवलेलं सगळं मी जवळच ठेवून दिलं आणि तिच्या बाजूला बसले.

तेवढ्यात तपासणीच्या खोलीतून वेराबाई आल्या. आदल्या दिवसापासून त्या घरी गेल्या नव्हत्या, केस सुटलेले, झग्यावर वाळलेला चिखल. हातात नळी होती. त्यांनी ती माझ्यापुढे उन्हात धरली. पाण्यासारखी निवळ. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी बघू शकले नाही. मला 'पाणी' येत होतं, 'उद्या' येत होतं. हे सांगायचा शब्द त्यांनी मला शिकवला नव्हता. मी नुसती मान हलवली आणि आतल्या खाटेकडे पाहिलं.

वेराबाईंनीही पाहिलं. नळी खाली आली. मागून मोहरील डॉक्टर आले होते. त्यांनी ती वेराबाईंच्या हातातून अलगद घेतली. "सिस्टर," ते मला म्हणाले, पण आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता, "बाकीच्यांना द्यायची तयारी करा. आत नऊ-दहा जण आहेत." आणि ते आत गेले. मी उठायला हवं होतं. उठले, पण दारापर्यंतच.

वेराबाई ओट्यावर अनुसयाजवळ बसल्या आणि बोलू लागल्या. रशियनमध्ये, सावकाश, समोर कुठेतरी बघत. अनुसया ऐकत होती. घोषबाबू फाटकातून आले आणि सवयीनं पुढे सरसावले, तर मी त्यांना हातानं थांबवलं. ते माझ्याजवळ दारात उभे राहिले.

"काय म्हणतात?" मी हळूच विचारलं.

"अपने पति के बारे में," ते म्हणाले. "युद्ध में गए। शहर घिरा हुआ था, बीमार पड़े, दवा नहीं पहुँची।"

वेराबाईंचं बोलणं संपलं. अनुसयानं पोरगी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली आणि त्यांच्या चिखलानं माखलेल्या झग्याकडे, मग चेहऱ्याकडे पाहिलं.

"तुमचा बी गेला का बाई?"

वेराबाईंना मराठीचा एक शब्द येत नव्हता. तरी त्यांनी मान डोलावली.